विश्लेषण : फोनमधील ‘वाढीव रॅम’चे मूळ कुठे? टॉम किलबर्न यांनी मेमरीचा तुटवडा कसा सोडवला?

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत मारुती रोडवर नवा मोबाइल घ्यायला गेले, की खोक्यावर ‘८ जीबी + ८ जीबी रॅम’ असे लिहिलेले दिसते. विक्रेता १६ जीबी रॅम असल्याचे सांगतो. पण फोनमध्ये खरी रॅम ८ जीबीच असते. उरलेली ८ जीबी ही फोनच्या स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते. ही उसनवारी नवी नाही. साठवणीची संथ पण स्वस्त जागा वापरून कामाची वेगवान मेमरी मोठी भासवण्याची युक्ती इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली प्रत्यक्ष चालू झाली. ती उभी करणाऱ्या गटाचे प्रमुख होते टॉम किलबर्न. संगणकाच्या मेमरीचा तुटवडा हा त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा विषय होता. हा माणूस कोण होता, त्याने नेमके काय केले आणि त्याचा आपल्या खिशातील फोनशी काय संबंध, हे जाणून घेऊ या.

रॅम आणि स्टोरेज यांत फरक काय?

फोन असो वा संगणक, त्यात दोन प्रकारच्या जागा असतात. पहिली रॅम. प्रोसेसर ज्या माहितीवर या क्षणी काम करतो ती इथे असते. रॅम अतिशय वेगवान असते, पण महाग असते आणि वीज गेली की रिकामी होते. दुसरी जागा म्हणजे स्टोरेज. संगणकात हार्ड डिस्क किंवा एसएसडी, फोनमध्ये फ्लॅश मेमरी. कास पठाराचे फोटो, व्हॉट्सॲपचे व्हिडीओ, ॲप्स हे सारे इथे राहते. ही जागा स्वस्त आणि भरपूर असते, पण रॅमच्या तुलनेत फारच संथ असते. रॅममधील माहिती नॅनोसेकंदांत हाती येते. फ्लॅशला त्याच्या शेकडो पट वेळ लागतो आणि फिरत्या हार्ड डिस्कला तर सुमारे लाख पट.

रॅम भरली की काय करायचे, हा प्रश्न संगणकाच्या जन्माइतकाच जुना आहे.

हरिपूरच्या पेवांतून ही कल्पना कशी समजते?

सांगलीलगत कृष्णा-वारणा संगमावर वसलेले हरिपूर हळदीच्या पेवांसाठी ओळखले जाते. तिथल्या जमिनीत खोल खणलेल्या, अरुंद तोंडाच्या आणि मोठ्या पोटाच्या या पेवांत हळद साठवली जात असे. २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले आणि ही पद्धत मागे पडली. तरी मेमरीचे गणित समजायला पेव उत्तम उदाहरण आहे.

समजा, एका अडत दुकानाच्या ओट्यावर ३२ पोत्यांचीच जागा आहे. शेतकऱ्यांची पोती मात्र शेकड्याने आहेत. आज ज्यांचा सौदा आहे ती पोती ओट्यावर, बाकीची पेवात. कोणते पोते कुठे आहे याची नोंद दिवाणजींच्या वहीत. शेतकऱ्याच्या हातात फक्त पावती. त्यावरचा नंबर कायम असतो, मग पोते ओट्यावर असो वा पेवात. सौद्यात त्या नंबरचे पोते निघाले आणि ते ओट्यावर नसले, तर हमाल पेवातून आणतो. ओटा भरलेला असेल, तर ज्याचे काम नाही असे एक पोते आधी पेवात जाते. शेतकऱ्याला या ने-आणीची खबरही लागत नाही.

ओटा म्हणजे रॅम. पेव म्हणजे डिस्क. पोते म्हणजे माहितीचे ‘पान’, अर्थात पेज. दिवाणजींची वही म्हणजे पेज टेबल. आणि पावतीवरचा नंबर म्हणजे आभासी पत्ता. या साऱ्या व्यवस्थेला व्हर्च्युअल मेमरी किंवा आभासी मेमरी म्हणतात.

टॉम किलबर्न कोण होते?

टॉम किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ रोजी यॉर्कशायरमधील ड्यूसबरी या गावी झाला. लोकरीच्या गिरण्यांचा हा भाग. वडील एका लोकर कंपनीत कारकून होते. गावातील शाळेतून किलबर्न १९४० मध्ये केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात गणित शिकायला गेले. दुसरे महायुद्ध सुरू होते, त्यामुळे अभ्यासक्रम आखूड करण्यात आला होता. १९४२ मध्ये पदवी हाती पडताच त्यांची युद्धकामासाठी निवड झाली. वीज, चुंबकत्व आणि इलेक्ट्रॉनिक्सचे घाईघाईचे प्रशिक्षण देऊन त्यांना मॉल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत पाठवण्यात आले.

तिथे ते फ्रेडी विल्यम्स यांच्या गटात दाखल झाले. विल्यम्स हे इलेक्ट्रॉनिक सर्किटांतील निष्णात अभियंते. त्यांना अनुभवी माणूस हवा होता, मिळाला तो कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला गणिताचा पदवीधर. सुरुवातीची ही नाराजी फार काळ टिकली नाही. युद्ध संपेपर्यंत किलबर्न सर्किटे जुळवण्यात तरबेज झाले होते. १९४३ मध्ये त्यांचा आयरीन मार्सडेन यांच्याशी विवाह झाला. पुढे त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

काचेच्या नळीत आकडे कसे साठवले?

युद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत संगणक बांधण्याची धडपड सुरू झाली. गणना करणारी सर्किटे बनवता येत होती. अडत होते ते मेमरीवर. आकडे आणि सूचना वेगाने ठेवायच्या आणि वेगाने काढायच्या कुठे, याचे खात्रीचे उत्तर कुणाकडे नव्हते.

विल्यम्स यांनी रडारच्या पडद्यासाठी वापरली जाणारी कॅथोड रे ट्यूब निवडली. जुन्या टीव्हीत असे तशीच ही काचेची नळी. पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत पडला की तिथे विद्युतभाराचा ठिपका उमटतो. एक प्रकारचा ठिपका म्हणजे ०, दुसऱ्या प्रकारचा म्हणजे १. अडचण अशी की हा भार सेकंदाच्या अंशात विरून जातो. त्यावर उपाय म्हणजे ठिपका विरण्याआधी वाचायचा आणि पुन्हा लिहायचा, अखंड. १९४६ च्या उत्तरार्धात विल्यम्स यांनी असा एक बिट साठवून दाखवला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि किलबर्नही त्यांच्याबरोबर तिकडे गेले.

एका बिटाने संगणक चालत नाही. पुढच्या वर्षभरात किलबर्न यांनी ठिपके उमटवण्याच्या पद्धती सुधारल्या आणि १९४७ च्या अखेरीस एका नळीवर २०४८ बिट साठवण्यात यश मिळवले. त्यांनी १ डिसेंबर १९४७ च्या तारखेने लिहिलेला अहवाल इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांच्या हाती गेला. आयबीएमने आपल्या ७०१ या संगणकात हीच पद्धत वापरली. आजच्या फोनमधील रॅमही दर काही मिलिसेकंदांनी स्वतःतील माहिती वाचून पुन्हा लिहीत असते. तंत्र बदलले, पुन्हा लिहिण्याचे काम तेच राहिले.

योगायोग असा, की याच १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय. तिथे आणि कराडच्या शासकीय महाविद्यालयात संगणकशास्त्राचे विद्यार्थी ऑपरेटिंग सिस्टिम या विषयात जी ‘पेजिंग’ची गणिते सोडवतात, त्यांचा उगम किलबर्न यांच्या पुढच्या कामात आहे.

२१ जून १९४८ रोजी काय घडले?

नळीतली मेमरी खऱ्या गणनेच्या वेगाला टिकते का, हे तपासण्यासाठी किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी एक छोटे यंत्र बांधले. नाव ‘बेबी’. त्याची मेमरी ३२ शब्दांची, प्रत्येक शब्द ३२ बिटांचा. एकूण १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. ७० अक्षरांचा एक मराठी एसएमएस १४० बाइट घेतो. म्हणजे जगाला पुढे घेऊन जाणाऱ्या या यंत्राच्या मेमरीत एक पूर्ण मराठी एसएमएसही मावला नसता.

२१ जून १९४८ रोजी बेबीने किलबर्न यांनी लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम चालवला. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. यंत्राला थेट भागाकार येत नव्हता. वजाबाकी करत करत, सुमारे ३५ लाख क्रिया करून त्याने ५२ मिनिटांत १,३१,०७२ हे अचूक उत्तर दिले. इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम यंत्राने चालवल्याची ही पहिली घटना मानली जाते. त्याआधीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत काम बदलायचे तर तारा आणि स्विच बदलावे लागत. आता फक्त मेमरीतील मजकूर बदलायचा होता. फोनवर नवे ॲप टाकणे याच कल्पनेवर उभे आहे.

ॲलन ट्यूरिंग यांनी हे यंत्र बांधले, असा समज अनेकांचा असतो. ट्यूरिंग मँचेस्टरला आले ते बेबी चालल्यानंतर, १९४८ च्या शरद ऋतूत. नंतरच्या यंत्रासाठी त्यांनी प्रोग्रॅमिंगची माहितीपुस्तिका लिहिली. बेबीची बांधणी मात्र विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल यांची.

दोन ठिकाणच्या मेमरीचा जाच काय होता?

बेबीचे मोठे रूप म्हणजे मँचेस्टर मार्क १. १९४९ मध्ये त्याला चुंबकीय ड्रम जोडण्यात आला. ड्रम म्हणजे चुंबकीय लेप असलेला, सतत फिरणारा दंडगोल. आजच्या हार्ड डिस्कचा पूर्वज म्हणता येईल. नळ्यांपेक्षा तो स्वस्त होता आणि त्यात माहिती कितीतरी जास्त मावे, पण दंडगोल फिरून योग्य जागा समोर येईपर्यंत थांबावे लागे. याच रचनेवर फेरान्टी कंपनीने बनवलेला फेरान्टी मार्क १ फेब्रुवारी १९५१ मध्ये विद्यापीठात आला. विक्रीसाठी तयार झालेल्या जगातील पहिल्या संगणकांत त्याची गणना होते. नळीतील माहितीच्या गठ्ठ्याला ‘पान’ म्हणण्याची पद्धतही याच यंत्रांपासून रूढ झाली.

मेमरी वाढली, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची डोकेदुखीही वाढली. कोणते पान केव्हा ड्रमवरून नळीत आणायचे, कोणते परत पाठवायचे, हे त्याला प्रोग्रॅममध्ये स्वतः लिहावे लागे. चूक झाली की कामाचेच पान पुसले जाई. गणित करायला आलेला शास्त्रज्ञ निम्मा वेळ हमालीचा हिशेब मांडत बसे. प्रोग्रॅम जितका मोठा, तितका हा हिशेब किचकट. शिवाय एका यंत्रासाठी मांडलेला हिशेब जास्त मेमरीच्या यंत्रावर उपयोगाचा राहत नसे.

विल्यम्स हळूहळू विद्युत यंत्रांच्या संशोधनाकडे वळले. संगणकाच्या कामाची सूत्रे किलबर्न यांच्याकडे आली. १९५३ मध्ये त्यांच्या गटाने ट्रान्झिस्टरवर चालणारा प्रायोगिक संगणक करून दाखवला आणि पुढच्या वर्षी दशांश अपूर्णांकांची गणिते वेगाने करणारे ‘मेग’ हे यंत्र चालू केले. पण मेमरीचे दुखणे तसेच होते.

‘ॲटलास’ची गरज का भासली?

१९५६ च्या सुमारास अमेरिकेत महासंगणकांचे प्रकल्प सुरू झाले. ब्रिटन मागे पडण्याची चिन्हे होती. किलबर्न यांनी सेकंदाला सुमारे १० लाख सूचना पाळणारे यंत्र बांधायचे ठरवले. त्या काळच्या यंत्रांच्या मानाने ही मोठीच उडी होती. सरकारी मदतीची वाट न पाहता विभागाने संगणकाच्या वापरातून मिळवलेल्या पैशांवर काम सुरू केले. पुढे फेरान्टी कंपनी सामील झाली आणि प्रकल्पाला ‘ॲटलास’ हे नाव मिळाले.

यंत्र वेगवान करायचे तर मेमरीही तितकीच वेगवान हवी. त्यासाठी चुंबकीय कड्यांची, म्हणजे कोअर मेमरी होती. पण एकेका बिटाला एकेक बारीक कडे आणि त्यातून ओवलेल्या तारा, असा तो प्रकार. किंमत अफाट. ॲटलासला १६,३८४ शब्दांची कोअर मेमरी मिळाली. आजच्या मापात ही ९६ केबी होते. ८ जीबीच्या फोनमध्ये याच्या सुमारे ८७ हजार पट रॅम असते. जोडीला ९८,३०४ शब्दांचे ड्रम. कोअरमधून माहिती २ मायक्रोसेकंदांत मिळे, ड्रमवरून सरासरी ६ मिलिसेकंदांत. म्हणजे ड्रम सुमारे ३ हजार पट संथ.

किलबर्न यांनी ठरवले, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला या दोन जागा दिसताच कामा नयेत. त्याला एकच, सलग आणि मोठी मेमरी दिसावी. ने-आण यंत्राने स्वतः करावी.

एकसंध मेमरी चालते कशी?

ॲटलासमध्ये सारी मेमरी ५१२ शब्दांच्या पानांत विभागली होती. कोअरमध्ये अशी ३२ पाने मावत. प्रोग्रॅमला मात्र सुमारे १० लाख शब्दांपर्यंतचे पत्ते वापरण्याची मुभा होती. पत्ता म्हणजे पावतीवरचा नंबर. त्याचा प्रत्यक्ष जागेशी थेट संबंध नव्हता.

कोअरमधील ३२ जागांपैकी प्रत्येकीसाठी एक छोटे रजिस्टर होते. तिथे सध्या कोणते पान आहे, याची त्यात नोंद. प्रोग्रॅमने पत्ता मागितला की ३२ रजिस्टरे एकाच वेळी तपासली जात. जुळले तर काम लगेच पुढे. एकही जुळले नाही, तर यंत्र प्रोग्रॅमला जागच्या जागी थांबवी. मग ‘सुपरवायझर’ हा देखरेख करणारा प्रोग्रॅम ताबा घेई, ड्रमवर पान शोधून कोअरमध्ये आणी, रजिस्टर बदली आणि थांबलेली सूचना पुन्हा सुरू करी. या घटनेला आज ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. नावात फॉल्ट असला, तरी तो बिघाड नाही, रोजचा व्यवहार आहे.

ड्रम फिरेपर्यंतचे मिलिसेकंद वाया जाऊ नयेत म्हणून सुपरवायझर तेवढ्या वेळात दुसऱ्याचा प्रोग्रॅम चालवी. फोनवर गाणे चालू असताना मेसेज येतो, नकाशा चालतो, त्यामागची कामांची वाटणी इथेच आकाराला आली.

कोणते पान बाहेर काढायचे, हे यंत्र कसे ठरवी?

इथे खरी कसोटी होती. चुकीचे पान बाहेर काढले, तर ते पुढच्याच क्षणी परत आणावे लागणार. किलबर्न आणि सहकाऱ्यांनी यासाठी ‘शिकणारा’ प्रोग्रॅम लिहिला. दर १०२४ सूचनांनंतर कोणती पाने वापरली गेली, हे तपासले जाई. प्रत्येक पानाबाबत दोन गोष्टी नोंदवल्या जात. ते किती वेळ पडून आहे आणि यापूर्वी ते किती वेळ पडून राहिले होते.

एखादे पान मागच्या खेपेपेक्षा जास्त काळ पडून असेल, तर त्याचे काम संपले असे मानून ते ड्रमवर जाई. तसे एकही नसेल, तर ज्याची गरज सर्वांत उशिरा पडेल असा अंदाज असलेले पान निवडले जाई. मागच्या सवयीवरून पुढचा अंदाज बांधण्याची ही पद्धत होती. शिवाय कोअरमधील एक जागा कायम रिकामी ठेवली जाई. त्यामुळे नवे पान आणण्यासाठी जुने आधी हलवण्याची वाट पाहावी लागत नसे.

ही पद्धत मांडणारा लेख किलबर्न, डेव्हिड एडवर्ड्स, मायकेल लॅनिगन आणि फ्रँक समनर यांच्या नावे एप्रिल १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ७ डिसेंबर १९६२ रोजी नोबेल विजेते शास्त्रज्ञ सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या हस्ते ॲटलासचे उद्घाटन झाले. त्या वेळी तो जगातील सर्वांत शक्तिशाली संगणकांपैकी एक होता.

श्रेय एकट्या किलबर्न यांचे का?

नाही. ॲटलास हे मोठ्या गटाचे काम होते. सुपरवायझर लिहिणाऱ्या गटाचे नेतृत्व डेव्हिड हॉवर्थ यांनी केले. तसेच बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ गुंट्श यांनी १९५६ च्या सुमारास आपल्या डॉक्टरेट प्रबंधात अशाच स्वयंचलित ने-आणीची कल्पना मांडली होती. पण कागदावरची कल्पना आणि रोज शेकडो कामे करणारे यंत्र यांत मोठे अंतर असते. ते अंतर मँचेस्टरच्या गटाने पार केले.

त्याच काळात मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी टिफ्रॅक हा संगणक बांधला होता. १९६० मध्ये पूर्णपणे चालू झालेल्या या संगणकाची कोअर मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे १० केबी. कमी मेमरीत मोठे काम बसवण्याची कसरत भारतीय संशोधकांनाही तितकीच करावी लागत होती.

ही युक्ती जगभर पसरायला वेळ का लागला?

ॲटलास विक्रीत यशस्वी ठरला नाही. मूळ रचनेची तीनच यंत्रे बसवली गेली. मँचेस्टर, लंडन विद्यापीठ आणि चिल्टन. शिवाय टीकाकारांचा एक आक्षेप रास्त होता. ओट्यावर ३२ पोत्यांची जागा असताना ५० पोत्यांची एकाच वेळी गरज पडली तर? हमाल दिवसभर पेव ते ओटा पळत राहील आणि सौदा एकही होणार नाही. संगणकात हे प्रत्यक्ष घडत होते. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. १९६८ मध्ये अमेरिकेत पीटर डेनिंग यांनी त्याचे नेमके कारण आणि उपाय मांडला. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या त्या वेळी लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. तो संच रॅममध्ये मावत नसेल, तर तो प्रोग्रॅम तेव्हा चालवूच नये.

१९७२ मध्ये आयबीएमने आपल्या सिस्टिम/३७० मालिकेसाठी आभासी मेमरी जाहीर केली आणि ही पद्धत उद्योगजगतात स्थिरावली. १९८५ च्या इंटेल ८०३८६ या चिपमुळे पेजिंग घरगुती संगणकांपर्यंत पोहोचले. विंडोजमधील ‘पेज फाइल’ आणि लिनक्समधील ‘स्वॅप’ ही त्याचीच रूपे.

किलबर्न यांचे पुढचे आयुष्य कसे गेले?

१९६४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात ब्रिटनमधील पहिला स्वतंत्र संगणकशास्त्र विभाग सुरू झाला. किलबर्न त्याचे पहिले प्रमुख. १९६५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांच्या गटाने पुढे ‘एमयू ५’ हा संगणक बांधला. त्यातील कल्पना ब्रिटिश कंपनी आयसीएलच्या २९०० मालिकेत उतरल्या. विल्यम्स यांच्या हाताखाली एका बिटापासून सुरुवात केलेल्या या माणसाने पाच संगणक प्रकल्प पूर्णत्वाला नेले.

किलबर्न मितभाषी होते. प्रसिद्धीपासून दूर राहिले. मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल संघ हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी आयरीन यांचे निधन झाले. १९८३ मध्ये संगणक रचनेतील कामाबद्दल त्यांना एकर्ट-मॉक्ली पुरस्कार मिळाला. जून १९९८ मध्ये बेबीच्या पन्नाशीनिमित्त तिची चालती प्रतिकृती बांधण्यात आली, तेव्हा किलबर्न आणि टूटिल दोघेही उपस्थित होते. ही प्रतिकृती मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात आहे. १७ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी किलबर्न यांचे मँचेस्टरमध्ये निधन झाले. विद्यापीठातील संगणकशास्त्राची इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मग फोनमधील ‘वाढीव रॅम’ सुरू ठेवावी का?

सॅमसंगच्या फोनमध्ये ही सोय ‘रॅम प्लस’ नावाने असते, इतर कंपन्यांत ‘मेमरी एक्स्टेंशन’, ‘एक्स्टेंडेड रॅम’ अशा नावांनी. तिच्याबाबत चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, ती फोनचा वेग वाढवत नाही. मागे ठेवलेली ॲप्स बंद न होता तशीच राहावीत, इतकाच तिचा उद्देश. ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेल्यावर बँकेचे ॲप पुन्हा पहिल्या पानावर जात असेल, तर ३-४ जीबी रॅमच्या फोनमध्ये तिचा काही उपयोग होऊ शकतो. १२ जीबीच्या फोनमध्ये फरक जाणवणे कठीण.

दुसरी, ती फुकट नाही. ८ जीबी वाढीव रॅम घेतली की स्टोरेजमधील ८ जीबी गेली. ६४ जीबीच्या फोनमध्ये ही जागा लहान नाही.

तिसरी, फ्लॅश मेमरीवर लिहिण्याला मर्यादा असते. सतत ने-आण झाली की झीज वाढते. म्हणूनच अँड्रॉइड फोन आधी रॅममधीलच माहिती दाबून लहान करतात, मग गरज पडली तर स्टोरेजकडे वळतात.

चौथी आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. फोन घेताना ‘+’ चिन्हाच्या आधीचा आकडा पाहावा. ‘४ + ८’ आणि ‘८ + ४’ या दोन्हींची बेरीज १२ होते, पण दुसऱ्या फोनमध्ये खरी रॅम दुप्पट आहे. दोन फोनची तुलना करायची तर ती खऱ्या रॅमवरच करावी.

पेव कितीही मोठे केले, तरी ओट्याची जागा वाढत नाही. ॲटलासच्या गटालाही ही मर्यादा ठाऊक होती. मेमरी मोठी भासवणे त्यांनी साधले. पण तिचा वेग टिकतो तो कोणते पान जवळ ठेवायचे हा अंदाज बरोबर ठरला तरच, आणि हे आजच्या फोनलाही लागू आहे.